ओदिलबाईंचा उलटा खांदा

ओदिलबाईंच्या खांद्याच्या एक्स-रेचं पाकीट एवढं मोठं होतं की ते ना पिशवीत मावलं, ना मांडीवर. शेवटी त्यांच्या नवऱ्याने, गास्तोंने, ते मोटारीच्या मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि वर बटाट्यांची पिशवी ठेवली. खरं तर ते तसंच घरी न्यायचं, आठ दिवस कपाटावर ठेवायचं आणि पुढच्या गुरुवारी दिजों शहरात डॉक्टरांच्या हातात द्यायचं, एवढंच काम होतं. पण असं पाकीट न उघडता घरी नेणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे. हाडं आपली, फोटो आपल्या हाडांचे, मग आधी बघायचे कुणी?

रेनेच्या कॅफेपाशी गास्तोंने गाडी उभी केली.

"एकेक कॉफी घेऊ," तो म्हणाला. "त्याच्या खिडकीत उजेड छान येतो."

"कॉफीला उजेड कशाला लागतो?"

"तू उतर तर खरी."

ओदिलबाई उतरल्या. उजवा हात त्यांनी अंगाशी जपून धरला होता. बालवाडीत छत्तीस वर्षं वाकून वाकून पोरांच्या कोटांची बटणं लावताना हा खांदा कामी आला होता. आधी तो नुसता कुरकुरायचा. मग संधिवाताने धरला, आणि शेवटी आतल्या ज्या दोऱ्या हाताला जागेवर धरून ठेवतात त्याही झिजून तुटल्या. गेली सहा वर्षं हात छातीच्या वर जात नव्हता. त्यामुळे बाईंचा अंबाडा रोज सकाळी गास्तों घालायचा. तो जन्मभर नळ जोडणारा माणूस. गळक्या नळाला सूत गुंडाळावं तसा तो अंबाडा गुंडाळायचा, वर चार काटे खुपसायचा आणि म्हणायचा, "आता गळणार नाही." बाई आरशात बघणं टाळायच्या. तो अंबाडा स्वतःच्या हातांनी घालायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी मे महिन्यात खांदा बदलून घेतला होता.

आणि तो कुणाकडून? तर फाब्रिसकडून. बेकरीवाल्या सोलांजचा मुलगा, बाईंच्याच बालवाडीतला, आता दिजोंला खांद्यांचा डॉक्टर. लोकांनी दुसरी दोन मोठी नावं सुचवली होती. बाईंनी ऐकलं नाही. "त्याच्या हातात पहिली कात्री मी दिली," असं त्या सगळ्या गावाला सांगत सुटल्या. शस्त्रक्रियेआधी फाब्रिसने आपल्या हाताने काढून दिलेलं खांद्याचं चित्रसुद्धा त्यांनी फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते दाखवायच्या. "बघा, रेघ किती स्वच्छ आलीय."

कॅफेत तेव्हा दोनच गिऱ्हाइकं होती. गास्तोंने फोटो काढून खिडकीच्या काचेवर चिकटवल्यासारखा धरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाला, "रेने, जरा इकडे ये."

रेने हात पुसत आला. त्याचाही खांदा पिंपं उचलून उचलून कामातून गेला होता. बाईंच्याच सांगण्यावरून त्याने फाब्रिसकडे चौदा ऑक्टोबरची तारीख घेतली होती.

"तुला यात काय दिसतं?" गास्तोंने विचारलं.

"हाड."

"ते कुणालाही दिसतं. सांधा बघ. एक्केचाळीस वर्षं सांधे जोडलेत मी, पण असला सांधा पाहिला नाही. एक अंडं दे."

गल्ल्याशेजारी उकडलेल्या अंड्यांची परडी होती. रेनेने एक अंडं आणि अंडं ठेवायचा छोटा कप आणून दिला. गास्तोंने कप टेबलावर ठेवला आणि अंडं त्यात बसवलं.

"हा कप म्हणजे खांद्याची वाटी. आणि हे अंडं म्हणजे हाताच्या हाडाचं वरचं टोक. देवाने असं केलंय. अंडं हाताला, कप खांद्याला. पटतंय?"

"पटतंय."

"आता फोटोत बघ. अंडं कुठाय?"

रेनेने नाक काचेला लावलं. "खांद्याला."

"आणि कप?"

रेनेने फोटो गास्तोंच्या हातातून घेतला आणि वरची बाजू खाली केली. मग डावीकडून पाहिला, पाठीमागून पाहिला. कसाही धरला तरी चेंडू खांद्याला आणि वाटी हाताला. शेवटी त्याने अंडं टेबलावर उभं धरून त्यावर कप पालथा घातला आणि त्याकडे बघत राहिला.

"पडत मात्र नाही," तो म्हणाला.

"प्रश्न पडण्याचा नाही," गास्तों म्हणाला. "उलटा बसवलाय."

ओदिलबाईंच्या हातातली कॉफी तशीच राहिली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक सकाळ लख्ख त्यांच्या डोळ्यांपुढे आली. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. फाटकाशी सोलांज उभी, अंगावर पीठ सांडलेलं, आणि तिच्या हाताला धरून चार वर्षांचा फाब्रिस. कोट निळा, नाक वाहतं, आणि डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. रोज तेच. बाई बदलून द्यायच्या, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा तेच.

बाईंनी हे मनातच ठेवायला हवं होतं. पण धक्का बसला की माणसाच्या तोंडाला झाकण राहत नाही. "लहानपणी तो बूट उलटे घालायचा," त्या म्हणाल्या.

रेनेने कमरेचं फडकं सोडलं, घडी घातली आणि गल्ल्यावर ठेवली.

"माझं चौदा तारखेला आहे," तो म्हणाला, आणि फोन करायला आत गेला.

गास्तोंने फोटो पाकिटात घालून गाडी चालू करेपर्यंत बाईंचं ते वाक्य त्यांच्या आधी गावात पोहोचलं होतं. दुपारी बाईंनी कपाटातून हात अडकवायचा जुना गळपट्टा शोधून हात पुन्हा गळ्यात बांधला. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला फोन करून सांगितलं की येऊ नकोस. ती बिचारी गोंधळली. "बाई, आता कुठे हात कपाळापर्यंत आलाय. हात तयार आहे हो, तुम्हीच घाबरताय."

"हात उलटा आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गास्तों स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. फ्रिजपाशी वळायचा, खिडकीपाशी वळायचा.

"पूर्ण पाडून पुन्हा बसवावा लागेल," तो म्हणाला. "अर्धवट काही होत नाही. सांधा एकदा चुकला की मुळापासून खोलायचा."

"मी काही बाथरूम नाहीये, गास्तों."

"मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"मी त्या टेबलावर पुन्हा झोपणार नाही. आयुष्यभर तू घातलेला अंबाडा घालून फिरेन, पण झोपणार नाही."

"माझ्या अंबाड्यात वाईट काय आहे?"

बाईंना रडू येत होतं, आणि ते खांद्याचं किती आणि फाब्रिसचं किती, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मूल वाढून एवढं मोठं होतं, शिकतं, लोक त्याला डॉक्टर म्हणतात. आणि आत ते तसंच असतं, उलटे बूट घालून फाटकाशी उभं. आपण छत्तीस वर्षं नेमकं शिकवलं तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाव आणायला गेल्या. बेकरीत पाचसहा जण रांगेत होते. बाई आत आल्या तसं बोलणं थांबलं. सोलांजने सगळ्यांना पाव दिले, सुटे परत केले, आणि बाईंचा नंबर आला तेव्हा मागे वळून एक लांब पाव उचलला. बाईंच्या डोळ्यांत बघत तिने तो फळीवर ठेवला. पालथा.

मागे कुणीतरी दचकून श्वास घेतला. आमच्याकडे पाव पालथा ठेवत नाहीत. जुन्या काळी फाशी देणाऱ्या माणसाचा पाव तेवढा पालथा ठेवत, कुणी चुकून त्याला हात लावू नये म्हणून. आजही एखाद्याच्या हातून जेवणाच्या टेबलावर पाव पालथा पडला की कुणीतरी न बोलता तो सरळ करतं. सोलांजच्या बेकरीत तर आजवर असं झालं नव्हतं.

"सोलांज," बाई म्हणाल्या, "पाव पालथा आहे."

"हो का? आमच्या घरात सगळं उलटंच असतं म्हणे. गावभर झालंय."

"मी तसं म्हणाले नव्हते."

"मग काय म्हणालात?"

"बुटांचं म्हणाले होते. ते खरं होतं की नाही?"

सोलांजचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. "सात वर्षांचा होईपर्यंत," ती म्हणाली. "सात. आठव्या वर्षी सुटलं. आज त्याच्याकडे पॅरिसहून माणसं येतात खांदे घेऊन. रेनेने तारीख रद्द केली, ठाऊक आहे? आणखी दोघांनी केली. आणि हे केलं कुणी, तर ज्या बाईंना माझं पोर घरी आई म्हणण्याआधी बाई म्हणायचं त्यांनी."

पालथा पाव तिथेच ठेवून बाई बाहेर पडल्या. पुढचे सात दिवस त्या घरात डब्यातले कडक टोस्ट खाल्ले गेले. गास्तोंने एकदा शेजारच्या गावाहून पाव आणायचं सुचवलं, पण ते दोघांनाही इतकं निर्लज्जपणाचं वाटलं की विषय तिथेच संपला.

गुरुवारी दिजोंला जाताना बाईंनी रस्ताभर भाषण तयार केलं. रागवायचं नाही. 'फाब्रिस, चूक कुणाकडूनही होते' अशी सुरुवात करायची. रद्द झालेल्या तारखांबद्दल माफी मागायची. आणि दुसरी शस्त्रक्रिया मात्र करून घ्यायची नाही, हे शेवटी ठामपणे सांगायचं. गास्तों गाडी चालवत होता. मध्येच तो कोटाचा खिसा चाचपायचा.

"खिशात काय आहे?"

"काही नाही."

दवाखान्यात अर्धा तास बसल्यावर फाब्रिस धावतच आला, शस्त्रक्रिया उरकून सरळ, अंगावर हिरवे कपडे, डोक्याला कागदी टोपी. कपाळावर टोपीचा वळ उठला होता. केस आता पांढरे झाले होते, पण कान तेच, बशीसारखे.

"बाई, या, या. हात गळ्यात का बांधलाय? दुखतोय?"

"फाब्रिस," बाईंनी सुरुवात केली, "चूक कुणाकडूनही..."

पण तेवढ्यात गास्तोंने खिशातून रुमालात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं काढलं. दुसऱ्या खिशातून कप काढला. दोन्ही टेबलावर मांडले.

"डॉक्टर, हे अंडं."

"बरं," फाब्रिस म्हणाला.

"हा कप."

"बरं."

"आता तुम्ही फोटो बघा, आणि मग माझ्याकडे बघा."

फाब्रिसने फोटो दिव्याच्या पाटीवर लावला. हात मागे बांधून थोडा वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "सुंदर."

"सुंदर?"

"अगदी हवा तसा बसलाय."

"उलटा आहे तो."

"हो, उलटाच आहे."

गास्तोंचा हात लागून अंडं कलंडलं आणि टेबलावरून घरंगळत कागदांच्या ढिगाला जाऊन टेकलं. ते कुणी उचललं नाही. "कबूल करतोय," तो बायकोला कुजबुजत म्हणाला. "ओदिल, हा कबूल करतोय."

फाब्रिस एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. "पण बाई, हे सगळं मी मे महिन्यात सांगितलं होतं की. आतल्या दोऱ्या धड असतील तर सरळ सांधा चालतो. तुमच्या सगळ्या तुटलेल्या. सरळ बसवला असता तर चेंडू वर घसरला असता आणि हात उचललाच गेला नसता. म्हणून जागा बदलल्या. चेंडू खांद्याला, वाटी हाताला. मग दोऱ्यांची गरजच नाही, वरचा मोठा स्नायू एकटा हात उचलतो. वीस मिनिटं समजावलं मी. चित्र काढून दिलं होतं."

"ते फ्रिजवर आहे," बाई म्हणाल्या.

"मग? त्यात चेंडू कुठे आहे?"

बाईंनी आठवून पाहिलं. चार महिने ते चित्र रोज डोळ्यांसमोर होतं. फ्रिज उघडताना, लावताना, लोकांना दाखवताना. स्वच्छ रेघ आठवत होती. निळी शाई आठवत होती. चेंडू आठवत नव्हता.

"तुम्ही 'छान काढलंस' म्हणालात," फाब्रिस म्हणाला. त्याचा आवाज थोडा पडला होता. "मला वाटलं, पाहिलं असेल."

बाईंच्या कानशिलांतून गरम वाफ गेली. छत्तीस वर्षं रोज तीस चित्रं समोर येत. तीसही पोरांना त्यांनी 'छान काढलंस' म्हटलं होतं, आणि बहुतेक वेळा नजर पुढच्या पोराच्या वाहत्या नाकावर होती. मे महिन्यात ती नजर फाब्रिसच्या वाकड्या कॉलरवर होती. गास्तों तर तेव्हा गाडी लावायला जागा शोधत होता.

"म्हणून या आठवड्यात तीन जणांनी तारखा रद्द केल्या?" फाब्रिसने विचारलं. "तिघंही आपल्या गावचे. मला वाटलं, द्राक्षांची तोडणी चाललीय म्हणून असेल."

"अंड्याची चूक झाली," गास्तों जमिनीकडे बघत म्हणाला.

बाईंना बसल्या जागी नाहीसं व्हावंसं वाटलं. पण फाब्रिस हसत होता.

"बाई, उलट्याची भीती तुम्हाला कधीपासून? कोट तुम्हीच शिकवलात. जमिनीवर पसरायचा, अस्तर वर, कॉलर आपल्या पायांकडे, खालची बाजू पलीकडे. मी रडायचो, की कोट उलटा आहे. तुम्ही म्हणायचात, उलटा ठेवलास तरच अंगावर सरळ बसेल."

"तुला तो कधीच जमला नाही," बाई पटकन म्हणाल्या.

"जमायचा."

"नाही जमायचा. तू उभा राहायचास चुकीच्या बाजूला. मग कॉलर खाली लोंबायची आणि तू तिच्यात अडखळून भिंतीवर आपटायचास."

"मी कॉलरकडेच उभा राहायचो, बाई."

"मला सांगतोस? छत्तीस वर्षांत एक हजार पोरांना घालायला शिकवलाय मी." बाई उठल्या. समोर कुणी चुकीचं सांगत असलं की त्यांना बसवत नसे. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून गास्तोंच्या हातात दिला, आपला रेनकोट तपासणीच्या टेबलावर पसरला, कॉलर आपल्याकडे केली. "हे बघ. इथे उभं राहायचं. इथे. हात बाह्यांत घालायचे, दोन्ही एकदम. आणि मग..."

आणि मग दोन्ही हात वर गेले. कोट डोक्यावरून पालखीच्या छतासारखा उडाला, मागे पडला आणि बाईंच्या खांद्यांवर सरळ येऊन बसला.

बाई तशाच उभ्या होत्या, हात अजून हवेत, उजवा डाव्याच्या बरोबरीने. त्यांनी मान वर करून आपल्या हाताकडे पाहिलं. सहा वर्षांत तो त्यांना या बाजूने दिसला नव्हता.

"दुखतंय?" फाब्रिसने हलकेच विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता.

गास्तोंचं तोंड उघडं राहिलं होतं. मग ते मिटलं. "म्हणजे अंबाडा..." तो म्हणाला आणि थांबला. गळपट्ट्याची घडी घालत त्याने तोंड फोटोकडे वळवलं आणि जणू काही पाहायचं राहिलं असावं तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

बाईंनी हात खाली घेतले. काहीतरी बोलायला हवं होतं. माफीचं भाषण तयार होतं, पण ते आता फार लांबचं वाटत होतं. त्यांनी नजर खाली केली, आणि ती फाब्रिसच्या पायांवर जाऊन थांबली. शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे रबरी बूट. घाईघाईत चढवलेले. टोकं दोन्हीकडे बाहेर तोंड करून, जणू एकमेकांशी भांडलेली.

बाईंनी पुन्हा पाहिलं. चूक नव्हती.

त्यांनी गास्तोंकडे पाहिलं. तो फोटोतच गुंतला होता. मग त्या फाब्रिसच्या जवळ गेल्या आणि अगदी हळू, पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "पाय."

फाब्रिसने खाली पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्याने टेबलाला एका हाताने धरलं, एक बूट काढला, दुसरा काढला, अदलाबदल केली.

"छान," बाई म्हणाल्या. या वेळी नीट बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गास्तों सवयीने काटे तोंडात धरून आरशामागे येऊन उभा राहिला. बाईंचे हात वरच होते. अंबाडा वाकडा होत होता, उजवा दंड थरथरत होता, पण होत होता. गास्तोंने एकेक काटा तोंडातून काढून त्यांच्या हातात दिला. चौथा दिल्यावर तो रेनेला तारीख पुन्हा घ्यायला सांगायला गेला. जाताना फ्रिजपाशी थांबून त्याने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाला, "अगं, चेंडू खांद्यालाच आहे इथे."

बेकरीत पुन्हा रांग होती, आणि पुन्हा शांतता. बाई पुढे झाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की खांदा तसाच बसवायचा असतो, फाब्रिस बरोबर होता, चूक त्यांची होती, आणि गास्तोंच्या अंड्याची. मग हात वर करून अंबाड्यातला एक काटा त्यांनी आत दाबला. तेवढं पुरलं.

सोलांज बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग भट्टीतून नुकताच आलेला, सगळ्यांत खरपूस पाव तिने काढला, पण लगेच दिला नाही. फळीवरून वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं, "कसा दिसला? जेवतो का वेळेवर?"

"दिसला बरा. जरा थकलाय."

"आणि..." सोलांज अडखळली. "बूट?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पिठाने पांढऱ्या भुवया, फाटकाशी उभी असलेली तीच सोलांज.

"मी निघाले तेव्हा," बाई म्हणाल्या, "दोन्ही बूट आपापल्या पायात होते."

सोलांजने पाव ठेवला. सरळ.